22 जणांचा गट आणि अंदमानचं रान

अमळनेरच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचा 22 जणांचा गट जानेवारीत अंदमानला निघालाय. साठी ओलांडलेले 8 जण, शाळकरी मुलं 5, बाकीचे मधल्या वयाचे. मुक्काम सहा रात्रींचा: पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील. ट्रॅव्हलवाल्याच्या कार्यक्रमात किनारे आणि बोटी भरपूर आहेत, पण मुलांना प्राणी-पक्षी बघायचेत. "मागच्या हिवाळ्यात यावलच्या जंगलात दोन गाड्या भरून गेलो, तर साधा मोरसुद्धा दिसला नाही. एवढा खर्च करून बेटावर जायचं आणि तिथंही तसंच झालं तर?" असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, तसं होऊ शकतं. बहुतेक गटांचं तसंच होतं. मी सातपुड्यातही माणसं घेऊन फिरतो आणि बेटांवरही नेतो. दोन्हीकडे गाडीभर माणसं एकदम उतरली, दारं धाडधाड लागली आणि कुणीतरी "ए, इकडे या रे!" अशी हाक मारली, की पुढचा तासभर त्या जागेत काही उरत नाही. पण बेटावर आणखी एक गोष्ट आड येते. आपण खान्देशातली माणसं समुद्राच्या वेळापत्रकाने जगत नाही. तिथला निम्मा जीव सूर्यावर चालतो आणि निम्मा भरती-ओहोटीवर. या दोन वेळा सांभाळल्या तर सहा रात्रींत तुम्हाला भरपूर दिसेल.

आधी काय दिसणार नाही ते मुलांना घरीच सांगून ठेवा. अंदमानात वाघ, बिबट्या, अस्वल, कोल्हा नाही. माकडही नाही. म्यानमारच्या आराकान डोंगररांगेचा समुद्रात बुडालेला पुढचा भाग म्हणजे ही बेटं. मुख्य भूमी आणि बेटं यांच्यामध्ये पाणी असल्यामुळे मोठे सस्तन प्राणी तिथवर पोचलेच नाहीत. रानडुक्कर आहे, उदमांजर आहे, वटवाघळांच्या बऱ्याच जाती आहेत. बाकी सगळं राज्य पक्षी, सरडे, साप, खेकडे आणि समुद्रातल्या जिवांचं.

रॉस बेटावर, म्हणजे आताच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर, मोर आणि चितळ अगदी जवळून दिसतील. मुलं खूश होतील, होऊ द्या. फक्त ते प्राणी बाहेरून आणलेले आहेत हे त्यांना सांगा. चितळ ब्रिटिशांच्या काळात आणले गेले. त्यांना खाणारं तिथे कुणी नव्हतं, त्यामुळे ते वाढत गेले आणि पोहत पोहत दुसऱ्या बेटांवरही पसरले. ते कोवळी रोपं खाऊन टाकतात आणि त्या जंगलांत नवी झाडं उभी राहणं अवघड होतं. सातपुड्यात चितळ दिसला की आपल्याला बरं वाटतं. तोच प्राणी बेटावर जंगलाचं नुकसान करतो, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं चांगलं. बिस्किटं मात्र अजिबात खायला घालू नका.

आता खरं वैभव. अंदमानचा काळा सुतार, अंदमानचा टकाचोर, तिथला तपकिरी भारद्वाज, अंदमानचा सर्पगरुड, पांढऱ्या डोक्याची मैना, तिथली घुबडं: हे पक्षी जगात याच बेटांवर आहेत. तुमच्या गटातल्या प्रत्येकाने यांतला एक जरी नीट पाहिला तरी सहलीचं सार्थक झालं असं मी मानतो.

इथे आपल्या खान्देशाचा एक धागा जुळतो, तो मुलांना नक्की सांगा. अॅलन ह्यूम, म्हणजे पुढे 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम, मोठे पक्षिअभ्यासक होते. रानपिंगळा नावाच्या छोट्या घुबडाचं शास्त्रीय वर्णन त्यांनी 1873 मध्ये प्रसिद्ध केलं. 1884 नंतर हा पक्षी कुणाला सापडेना, तो नामशेष झाला असं बहुतेकांनी धरलं होतं. मग 1997 च्या नोव्हेंबरमध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला दिसला. 113 वर्षांनी! त्याच 1873 साली त्याच ह्यूमनी आणखी एका पक्ष्याचं वर्णन केलं, नारकोंडम धनेशाचं. अंदमानच्या पूर्वेला समुद्रात एकटं पडलेलं नारकोंडम हे जुन्या ज्वालामुखीचं बेट आहे, क्षेत्रफळ सुमारे सात चौरस किलोमीटर. हा धनेश जगात फक्त तेवढ्या जागेत राहतो. ते बेट अभयारण्य आहे आणि सहलीच्या गटांना तिथे जाता येत नाही, ते योग्यच आहे. रानपिंगळ्याचं एक रान तुटलं तर निदान दुसरं असण्याची आशा असते. नारकोंडमच्या धनेशाला ते डोंगराएवढं बेट सोडून जायला जागाच नाही. बेटावरच्या कुठल्याही जिवाजवळ किती जायचं हे ठरवताना माझ्या डोक्यात हे असतं, आणि माझ्या गटातल्या माणसांच्याही डोक्यात असावं असा माझा आग्रह असतो.

आता वेळेचं. जानेवारीत जळगाव-अमळनेरला सातच्या सुमाराला उजाडतं. अंदमान बरंच पूर्वेला आहे, पण घड्याळ मात्र आपलंच चालतं. त्यामुळे तिथे पावणेसहाच्या आसपास सूर्य वर येतो आणि सव्वापाचच्या सुमाराला मावळतो. तुमच्या कार्यक्रमात 'सकाळी 8 वाजता नाश्ता, 9 वाजता प्रस्थान' असं लिहिलंय. नऊ वाजता तिथलं ऊन आपल्या अकराच्या उन्हासारखं असतं, पक्षी तोवर सावलीत गप्प बसलेले असतात. सहापैकी दोनच सकाळी अशा काढा की उजाडताना तुम्ही जंगलाच्या कडेला उभे असाल. एक चिडिया टापूला, एक हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यामागच्या झाडीत. बाकीच्या दिवशी झोपा हवं तेवढं.

चिडिया टापू पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेला, गाडीने तासाभरावर आहे. सगळ्या सहली तिथे सूर्यास्ताला नेतात. तेव्हा वाहनं एकमेकांना खेटून उभी असतात, नारळपाण्याच्या गाड्यांभोवती गर्दी असते. त्याच रस्त्यावर पहाटे तुम्ही आणि जंगल एवढंच असतं. तिथे चालत सुटू नका. फळं धरलेलं वडा-उंबराच्या जातीचं मोठं झाड शोधा आणि त्याच्यापासून तीसेक पावलांवर थांबा. हरियल येतील, पोपट येतील, मैना येतील. कोतवाल पक्ष्याचा आवाज कानावर आला की जागचे हलू नका. तिथे कोतवाल, टकाचोर आणि इतर लहान पक्षी मिळून थव्याने हिंडतात, पुढे एक दिसला की मागून चार येतात. पाच-दहा मिनिटं झाड हलतं राहतं आणि मग सगळे निघून जातात. तेवढ्या वेळात दुर्बीण डोळ्याला असायला हवी, पिशवीत नको.

दुसरं घड्याळ भरती-ओहोटीचं. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी थोडंच हलतं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहून तुमच्या सहलीत उधाण कधी पडतंय ते आजच कळेल. नेमक्या वेळा मात्र पोर्ट ब्लेअरच्या तक्त्यावरूनच घ्यायच्या. कोकणातले लोक तिथीवरून भरतीची वेळ काढतात, तो हिशोब अंदमानला तसाच लागू पडत नाही.

हे सगळं मी नील बेटासाठी सांगतोय. सरकारी कागदांवर आणि तिकिटांवर आता शहीद द्वीप असं नाव असतं. हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालंय आणि पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम, तेवढं लक्षात ठेवा. नीलला लक्ष्मणपूरजवळ खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. ट्रॅव्हलवाले तिला 'फोटो पॉइंट' म्हणून अर्धा तास देतात आणि गाडी मोकळी असेल तेव्हा नेतात. भरतीला गेलात तर तिथे फक्त पाणी दिसेल. ओहोटीच्या तासभर आधी पोचलात, तर पाणी उतरताना खडकांच्या खळग्यांत जी दुनिया उघडी पडते ती साठीच्या माणसालाही खाली वाकून बघायला लावते. एखाद्या खळग्याशी मुलांना बसवा आणि दहा मिनिटं हलू नका म्हणावं. आधी नुसतं पाणी दिसतं. मग कोपऱ्यातला दगड चालायला लागतो, तो शंख पाठीवर घेतलेला खेकडा असतो. बोटाएवढे मासे कपारीतून बाहेर येतात. शिंपल्याच्या फटीतून निळा-हिरवा मांसल काठ दिसतो, सावली पडली की ती फट मिटते. वाळूवर काळी, जाडसर समुद्री काकडी पडलेली असते, तीही प्राणीच आहे. पलीकडे राखाडी समुद्री बगळा एका पायावर उभा असतो. काही वाटाडे समुद्री काकडी उचलून पर्यटकांच्या हातात देतात. त्यांना आदराने "दादा, राहू द्या, आम्ही तिथेच बघतो" म्हणा. तिला कायद्याचं संरक्षण आहे, आणि माणसामागून माणूस हाताळत राहिला की त्या जिवाचे हाल होतात.

पायात रबरी तळव्याचे, घट्ट बसणारे बूट हवेत, चपला नकोत. पाय वाळूवर किंवा कोरड्या खडकावर ठेवा. फांद्यांसारखं किंवा मेंदूच्या वळ्यांसारखं जे दिसतं ते प्रवाळ, आणि ते जिवंत असतं. 22 जण त्यावरून एकदा चालले तरी बरंच तुटतं. पाणी चढायला लागलं की लगेच निघा, परतीची वाट बघता बघता पाण्याखाली जाते.

गटाचं बोलू. 22 जण एकत्र काहीही बघू शकत नाहीत, हे मी स्पष्टच सांगतो. तीन तुकड्या करा, सात-आठ जणांच्या. प्रत्येक तुकडीत एक मोठा माणूस बोलणारा, बाकीच्यांनी खुणेने बोलायचं. तुकड्या कुटुंबाप्रमाणे पाडू नका, नाहीतर घरचं बोलणं सुरू होतं. सगळी मुलंही एकाच तुकडीत घालू नका. कपडे मातकट, हिरवे, करडे. अत्तर नको, फोनवर गाणी नकोत. दुर्बिणी सगळ्यांना लागत नाहीत, तुकडीला दोन पुरतात, 8 बाय 42 मापाच्या घ्या.

आणि साठीच्या 8 जणांना "तुम्ही हॉटेलवरच थांबा" असं म्हणू नका. माझ्या गटांत सर्वांत जास्त पाहिलेलं असतं ते बहुधा अशाच आजी-आजोबांनी. तरुण माणसं पुढच्या वळणावर काहीतरी असेल म्हणून चालत राहतात. म्हातारी माणसं खुर्ची मांडून एका जागी बसतात, आणि पाऊण तासाने त्या जागेला त्यांची सवय होते. हॅवलॉकला खारफुटीच्या कडेला त्यांना ओहोटीच्या वेळी सावलीत बसवा. चिखलात एक पंजा मोठा असलेले खेकडे तो पंजा हलवत बाहेर येतात, निवट्या चिखलावरून टुणटुण उड्या मारतात, खंड्या खाली झेपावतो. त्यासाठी एक पाऊल चालायला लागत नाही.

संध्याकाळी कुणी वाटाड्या फोनवर घुबडाचा आवाज वाजवून पक्षी बोलावून देतो म्हणेल, तर नको म्हणा. त्या पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा शिरलाय. तो खाणं सोडून, पिलं सोडून भांडायला येतो, आणि हंगामात असे गट रोज येतात. अंधारात शांत उभे राहिलात तर त्याचा खरा आवाज ऐकू येतोच. मला तो न दिसता नुसता ऐकू आला तरी पुरतो.

समुद्राखालचं पाहायला जॉली बॉय बेटावर जा. वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान 1983 मध्ये झालं, त्यात 15 बेटं येतात, त्यातलं हे एक. हिवाळ्यात ते पर्यटकांसाठी उघडं असतं, वनखात्याचा परवाना आधी काढावा लागतो. पोहता न येणाऱ्यांसाठी काचेच्या तळाची बोट आहे. ज्यांना पाण्यात उतरायचंय त्यांनी जीवरक्षक जॅकेट घालूनच उतरावं. विहिरीत सूर मारणारी, तापीच्या डोहात पोहलेली आपली माणसं समुद्रात फाजील धीर करतात. समुद्राच्या पाण्याला ओढ असते आणि ती काठावरून दिसत नाही. पाण्यात प्रवाळावर उभं राहायचं नाही, माशांना पाव टाकायचा नाही. 1998, 2010 आणि 2016 मध्ये पाणी तापल्यामुळे अंदमानचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते, त्यातले बरेच मेले. आज जे रंगीत दिसतं ते त्यातून वाचलेलं किंवा नव्याने वाढलेलं आहे. पोपटमासा प्रवाळाचा खडक कुरतडताना दिसला तर डोकं पाण्यात ठेवून कान द्या, करकर आवाज येतो. त्याच्या पोटातून बाहेर पडणारा तो चुरा म्हणजे किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूचा एक भाग.

मगरींचं थोडक्यात पण गांभीर्याने. खाऱ्या पाण्यातली मगर अंदमानात आहे आणि तिने माणसं मारलेली आहेत. जिथे फलक लावलाय तिथे आणि खाडीच्या तोंडाशी पाण्यात पाय घालायचा नाही, अंधार पडताना तर कुठेच नाही. मुलांवर नजर ठेवायला रोज एक माणूस नेमा.

कासवांबद्दलही तुम्ही विचारलंय. दिगलीपूरजवळ कालीपूरच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात हे खरं. पण ते उत्तर टोकाला आहे, जाण्यात एक दिवस आणि येण्यात एक दिवस जातो. सहा रात्रींत ते बसवू नका. शिवाय तो रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. तिथे गाड्या ताफ्याने जातात, थांबायला आणि फोटो काढायला मनाई आहे. आदिवासी संरक्षणाचा नियम 1956 पासून आहे आणि तो कडक आहे. 'जारवा दिसतील' असं सांगून कुणी सहल विकत असेल तर ती घेऊ नका. माणसं ही बघायची वस्तू नव्हेत. कासवांसाठी मार्च-एप्रिलच्या सुमाराला वेगळी सवड काढून कोकणात वेळास किंवा आंजर्ल्याला जा. तिथे गावकरी आणि वनखातं घरटी राखतात आणि पिलं समुद्राकडे जाताना दाखवतात. आपल्याकडून एका रात्रीच्या प्रवासाचं अंतर आहे.

शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे, मेलेले असले तरी, बॅगेत घालू नका. विमानतळावर तपासणीत सापडले तर काढून घेतात आणि वन्यजीव कायद्याखाली कारवाई होऊ शकते. आणि रिकामा शंख रिकामा नसतो: अंग वाढलं की खेकड्याला मोठा शंख लागतो आणि तो किनाऱ्यावरच शोधायचा असतो.

हॅवलॉकला जाताना शक्य असेल तर एका बाजूचं तिकीट सरकारी बोटीचं काढा. वेळ जास्त लागतो, पण उघड्या डेकवर उभं राहता येतं. उडते मासे पाण्यातून उसळून बरंच अंतर तरंगत जातात, कधी डॉल्फिनही दिसतात. डुगाँग दिसेल अशी आशा मात्र धरू नका. तो तिथला राज्यप्राणी, समुद्री गवतावर जगतो, फार थोडे उरलेत.

निघण्याआधी डिसेंबरात एक रविवार तापीवरच्या हतनूर धरणावर काढा. चांगदेवच्या संगमाखालच्या त्या पाण्यावर हिवाळ्यात तलवार बदकं, थापट्या, चक्रवाक उतरलेले असतात. अमळनेरहून पहाटे निघा, तुकड्या तिथेच पाडून बघा, दुर्बीण कुणाला जमते आणि गप्प बसणं कुणाला जमत नाही ते तिथेच कळेल. यावलला काही दिसलं नाही म्हणता, तर दोन्ही गाड्या किती वाजता पोचल्या होत्या ते आठवून बघा आणि या वेळी सूर्याआधी पोचा.

ट्रॅव्हलवाल्याशी आत्ताच बोला, तिथे गेल्यावर काही बदलत नाही. तीनच गोष्टी मागा: चिडिया टापू संध्याकाळऐवजी पहाटे, नीलची कमान ओहोटीच्या वेळेला, आणि एक दिवस जॉली बॉय. त्या दोन पहाटे हॉटेलमध्ये नाश्ता मिळणार नाही, म्हणून घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन जा. स्टीलच्या डब्यातच न्या, जॉली बॉयच्या बोटीत प्लॅस्टिकची पिशवी चढू देत नाहीत.